अठ्ठेचाळिसावा मणी

"एक कमी असा," भिकाजी आबा म्हणाले.

मी सकाळचा चहा हातात घेऊन जमिनीवर उकिडवा बसलो होतो. समोर जुन्या वर्तमानपत्रावर भाजक्या मातीचे मणी ओळीनं मांडले होते. सुपारीपेक्षा जरा मोठे, मधोमध आरपार भोक, सगळे एकाच मापाचे. प्रत्येकावर मी शाईनं बारीक क्रमांक घातला होता. एक ते सत्तेचाळीस. आता ते कापसात गुंडाळायचे, खोक्यात भरायचे, खोक्यावर चिठ्ठी चिकटवायची आणि दीडची एस.टी. पकडायची, एवढंच काम उरलं होतं. पिशवी तंबूच्या दाराशी भरून तयार होती.

"काय कमी आहे, आबा?"

"मणी. सत्तेचाळीस कशे असतीत? अट्ठेचाळीस व्हये."

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्याची ती तेवीस तारीख होती. मालवणच्या वरच्या अंगाला, खाडीच्या तोंडावर वेळशी नावाचं गाव आहे, तिथे आमचं उत्खनन चाललं होतं. आठ-नऊशे वर्षांपूर्वी तिथे लहानसं बंदर होतं. जानेवारीपासून आम्ही चौदा माणसं तिथे खणत होतो. पंधरा मेला आमचे प्रमुख घारपुरे सर आणि बाकीचे सगळे पुण्याला गेले. मागे राहिलो मी, कारण वस्तूंची नोंदवही पुरी करायची होती, आणि असल्या कामाला नेहमी मीच मागे राहत असे. कोणी मला राहा म्हणत नसे. मीच हात वर करायचो.

भिकाजी तांडेल आमचे राखणदार. वय सत्तरीचं, जातीनं गाबीत, जन्म खाडीत गेलेला. पायाच्या दुखण्यानं दर्यावर जाणं सुटलं तसे ते आमच्याकडे आले. मुलगा मुंबईला गोदीत होता, बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. दिवसभर सुरूच्या झाडाखाली बसून ते जाळं विणत. कोणासाठी विणता असं मी एकदा विचारलं होतं. "हाताक काम," ते म्हणाले होते.

आता गंमत अशी, की तीन महिने आमच्या तंबूत या मण्यांवरून वाद चालला होता. घारपुरे सरांचं म्हणणं, ही मागाची वजनं. उभे धागे ताणून राहावेत म्हणून खाली बांधायची. म्हणजे ही विणकरांची वस्ती, म्हणजे या बंदरातून कापड जात असणार, म्हणजे एक मोठा निबंध. माझं म्हणणं होतं, ही जाळ्याची वजनं. पण माझ्याकडे पुरावा नव्हता आणि डॉक्टरेटही नव्हती. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "मुकुंद, समुद्र दिसला म्हणून सगळंच मासेमारीचं नसतं." सगळे हसले होते. मीही हसलो होतो. आणि हा सगळा वाद चालू असताना वीस पावलांवर, झाडाखाली, मांडीवर जाळं घेतलेला एक माणूस बसला होता.

"आबा, हे कशाचे मणी आहेत?" मी चहा खाली ठेवला.

"फेकाच्या जाळ्याचे. आणखी कसले?"

"तीन महिने तुम्ही इथे बसून आहात. बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलास खंय?" ते शांतपणे म्हणाले. "मोठे सायब सांगत होते, मागाची वजनां. शिकल्या माणसांच्या मधी आपण कित्या बोलाचा?"

मी सरकून त्यांना जागा केली.

ते माझ्याशेजारी बसले आणि ओळीतला एक मणी उचलून तळव्यावर हलवू लागले. मग दुसरा. दोन्ही हातांत एकेक घेऊन त्यांनी डोळे मिटले. "सगळे एका भाराचे," ते म्हणाले. "एका माणसान केललें. जाळां वरसून सुरू करतत, मास्तर. आठ भाग पाडतत. खाली घेराक येताना दर भागाक सहा मणी. आठ सक अट्ठेचाळीस. माज्या बापाशीचा जाळां तसाच, आज्याचा तसाच."

"हजार वर्षांपूर्वीचं तसंच असेल कशावरून?"

"पाणी ताच. मासो तोच. माणसाचो हात एवढोच," त्यांनी हात लांब करून दाखवला. "मग जाळां दुसरा कशाक असात?"

मला ते पटलं, आणि पटल्यामुळे मी नेटानं विरोध करू लागलो. ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, एखादा मणी पाण्यात पडला असेल. ते म्हणाले, पडला तर त्याच दिवशी दुसरा बांधतात, नाही मिळाला तर धोंडा बांधतात, पण रिकामी जागा कोणी ठेवत नाही. एक मणी कमी असला तर जाळं सरळ पडत नाही, त्या बाजूनं तोंड उघडं राहतं आणि मासा नेमका तिथूनच जातो.

"मग मातीत राहिला असेल. आम्हालाच दिसला नसेल."

"ह्ये खंय गावले?"

"भिंतीच्या पायाशी. सगळे एका ढिगात."

"म्हणजे जाळां खुट्याक टांगललां होता," आबा म्हणाले. "सूत कुजान गेला, मणी खाली पडले. बाकीचे सगळे थंयच आणि एक तेवढो पळालो? नाय. जाळां घरात टांगललां, आणि एक कमी. तो कोणी तरी सोडून काढल्यान."

"कोणी?"

आबांनी मणी ओळीत परत ठेवला, बरोबर त्याच्या जागी. क्रमांक त्यांना वाचता येत नव्हते.

"बायलेन," ते म्हणाले.

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

नऊ जानेवारीला मी पुण्याहून निघालो, त्या सकाळी माझी थापी सापडेना. गवंड्याची असते तशीच, पण लहान आणि टोकदार. उत्खनन करणाऱ्याचा सगळा जीव त्या थापीत असतो. माझी सहा वर्षांची जुनी होती. घासून घासून मी तिची डावी कड माझ्या हाताला बसेल अशी करून घेतली होती. ती दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असे. त्या दिवशी खिळा रिकामा होता. मी कपाट उपसलं, पलंगाखाली शिरलो, कोळशाचं पोतंसुद्धा ओतून पाहिलं. आवाज चढला तो चढलाच. वृंदा, माझी बायको, स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती.

"नाही सापडत तर नको जाऊस ना," ती ताटावरून नजर न उचलता म्हणाली. "या वर्षी नको जाऊस."

"थापी नाही म्हणून उत्खनन सोडू?"

"तसं नाही. असंच. या वर्षी राहा घरी."

"असंच म्हणजे काय? काही कारण आहे का?"

ती तांदूळ निवडत राहिली. मी वेळशीला जाऊन आमच्यातल्या गोखल्याकडून त्याची जादा थापी मागून घेतली. ती माझ्या हाताला कधीच बसली नाही. चार महिने अंगठ्याच्या बुडाशी फोड होता आणि चार महिने मी बायकोच्या गबाळेपणावर विनोद करून लोकांना हसवत होतो.

आमचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. चारही हिवाळे मी बाहेर होतो. पहिल्या वर्षी ती आठवड्याला पत्र लिहायची, दुसऱ्या वर्षी पंधरवड्याला. या वर्षी पाच महिन्यांत तीन पत्रं आली. तिसरं वीस मेला आलं. पोस्टमननं ते आबांच्या हाती दिलं आणि त्यांनी ते खणलेल्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून माझ्याकडे खाली सोडलं. पत्र छोटं होतं. नागपूरच्या एका शाळेत तिला नोकरी मिळत होती. तिचा भाऊ तिथेच होता. पंचवीस तारखेच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. "काय कळवू, ते तू येऊन सांग," तिनं लिहिलं होतं. "पत्रातून नको. तू ये आणि समोर बसून सांग."

म्हणून पिशवी भरली होती. दीडची एस.टी. घेतली, की कोल्हापूरमार्गे मी चोवीसला सकाळी पुण्यात. चोवीसलाच खड्डे बुजवायचे होते, पण मुकादमाला सगळं समजावून दिलं होतं, माझ्यावाचून काही अडत नव्हतं. हे सगळं आबांना ठाऊक होतं. तिथे बोलायला दुसरं होतं कोण?

"बायको कशाला मणी सोडेल?" मी विचारलं.

आबा खाडीकडे पाहत होते. ओहोटी होती, खाजणातल्या चिखलात बगळे उभे होते.

"माजी बायल सोडी होती," ते म्हणाले. "चंद्राबाय. तिका मी घरात रवाक व्हयो असलंय, तर ती तोंडान सांगी नाय होती. जाळ्याचो एक मणी सोडून लपयी होती. सकाळी जाळां खांद्यार घेताना मी बोटांनी मणी मोजी होतंय. सत्तेचाळीस. मग माका समाजता, आज हिच्या मनात नाय."

"का नाही ते विचारायचात?"

"इचारूचा नसता. एकदा तिचो बापूस गेललो तेचो दिवस होतो. एकदा पोराक ताप होतो. एकदा तर काय एक नाय. बसान गजाली केलव, फणस फोडलव, झाला." ते हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं. "दुसऱ्या दिवशी मणी आपसूक जाग्यार."

"आणि लपवायच्या कुठे?"

"तांदळाच्या मडक्यात. तळाक."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मागीर कळला. म्हातारपणी तिणांच सांगल्यान. तेवा खंय कळाक? पुरुषाचो हात खंय जाता तांदळाच्या मडक्यात? बायलमाणूस लपयता ता बरोबर थंय, जंय घोवाचो हात जाना नाय."

माझ्या हातात गोखल्याची थापी होती. खोक्याचं झाकण उचकटायला घेतली होती. मी ती खाली ठेवली.

"तुम्ही दर वेळी राहायचात?"

आबांनी मांडीवरची माती झटकली. मग सुरूच्या झाडाकडे, त्यांच्या अर्धवट जाळ्याकडे बघत म्हणाले, "एकदा नाय रवलंय. खाडयेत मासळी इली होती. सगळे जाय होते. मोजलंय तर सत्तेचाळीस. माका राग इलो. धोंडो बांदलंय आणि गेलंय."

"मग?"

"मासळी गावली. खूप गावली. घराक इलंय तर मणी उंबऱ्यार ठेवललो. ती काय बोलली नाय. जेवण वाढल्यान."

"मग?"

"मग काय नाय. तेच्यानंतर तिणां कधी मणी लपवल्यान नाय. बत्तीस वर्सां. रोज सकाळी मी मोजी होतंय, मास्तर. अट्ठेचाळीस. ती गेली तेच्या सकाळी पण मोजलंय. अट्ठेचाळीस."

मी घड्याळ पाहिलं. साडेनऊ वाजले होते. मी काय करायला हवं होतं ते कोणालाही कळेल. मी पिशवी उचलून एस.टी.च्या तिठ्यावर जाऊन बसायला हवं होतं. मी मात्र उठलो आणि खड्ड्याकडे गेलो.

मणी जिथे सापडले त्या घराची जमीन आम्ही पूर्ण उघडी केली होती. उत्तरेच्या कोपऱ्यात चुलीचे तीन दगड होते. त्यांच्या मागे, खड्ड्याच्या कडेला अर्धा मातीत रुतलेला एक रांजण होता. वरचा भाग फुटून गेलेला, बूड तेवढं शाबूत. आतली माती काढायची राहिली होती. सर म्हणाले होते, धान्याचा रांजण आहे, असे ढीगभर सापडलेत, वेळ घालवू नका, नकाशात दाखवा आणि बुजवा. मी नकाशात दाखवला होता.

आबा काठावर उभे राहिले. मी रांजणाशी गुडघे टेकले आणि वरची माती काढायला लागलो. पहिली वीतभर नुसती वरून ढासळलेली माती होती. मग खापरांचे तुकडे. मग माती काळी झाली. मी थापी ठेवली आणि बोटांनी काढू लागलो. काळ्या मातीत बारीक दाणे लागले. जळून कोळसा झालेले, पण आकार ओळखू येत होता. भात.

"तांदूळ," मी वर न बघता म्हणालो.

आबा काठावरून पुढे वाकले.

सव्वाअकराला बोटाला ते लागलं. तळाशी, एका बाजूला टेकलेलं. ब्रशानं झाडायचीही गरज पडली नाही. सुपारीपेक्षा जरा मोठं, मधोमध भोक. भोकात काळ्या सुताचा नखाएवढा तुकडा अजून होता. बाकीच्या सत्तेचाळिसांत सूत कुठेच उरलं नव्हतं. हा जळक्या भातात राहिला म्हणून राहिलं असेल.

मला हसू आलं. नऊशे वर्षांपूर्वी एका बाईनं सकाळी उठून, नवरा जागा व्हायच्या आत, हा मणी सोडला होता आणि तांदळात खोल खुपसला होता. पुढे त्या घरात काय झालं कोणास ठाऊक. आग लागली, एवढं मातीवरून कळत होतं. पण जाळं खुंटीवर होतं. म्हणजे तो गेला नव्हता. तो राहिला होता.

"गावलो?" आबांनी वरून विचारलं.

"सापडला."

"मग आता चला. अंग धुवा. गाडी चुकात."

आणि मला त्या क्षणी कळलं होतं, हे मी मान्य करतो. पुढे मी बऱ्याच लोकांना, आणि स्वतःलाही, वेगवेगळं सांगितलं. पण त्या रांजणाशी गुडघ्यावर असताना मला माझ्या दाराजवळचा रिकामा खिळा स्वच्छ दिसत होता, आणि ताटावर खाली झुकलेली वृंदाची मान दिसत होती. थापी कुठे असेल तेही कळलं होतं. ती का लपवली हे कळायला चार महिने आणि एक म्हातारा माणूस लागला होता, पण कळलं होतं.

पण मणी नुसता खिशात घालून नेला असता तर तो फक्त एक मणी होता. तो रांजणात होता, भातात होता, चुलीमागे होता, याची नोंद झाली तरच तो पुरावा. खड्ड्याचं चित्र काढायला हवं, रांजणाचा छेद काढायला हवा, सगळी काळी माती चाळायला हवी, दाणे वेगळे बांधायला हवेत. दोन दिवसांचं काम. वर ताडपत्री टाकून आठवड्यानं परत येता आलं असतं का? आलं असतं, बहुतेक. जमिनीचा मालक कुरकुरला असता, मजूर शेताच्या कामाला गेले असते, पण आलं असतं. खरी गोष्ट अशी, की मला ते सोडवेना. सरांच्या समोर तो मणी ठेवायचा, आणि भोकातलं सूत दाखवायचं, आणि काही बोलायचं नाही, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मला तेच हवं होतं.

मी वर आलो, नोंदवहीचा कागद फाडला आणि तारेचा मजकूर लिहिला. बाजारातल्या पोस्टात तारेची सोय होती.

"आबा, एवढी तार करून याल?"

"काय लिवलास?"

"दोन दिवस उशीर. सव्वीसला येतो. तोवर काही कळवू नकोस."

त्यांनी कागद घेतला. घडी घातली, मग उलगडून पुन्हा पाहिला, जणू काही वाचता येत होतं. मग बंडीच्या खिशात ठेवला.

"म्हणजे तुमी धोंडो बांदलास," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. हवा कशी आहे ते सांगावं तसं ते म्हणाले आणि बांधावरून लंगडत बाजाराकडे गेले. मी त्यांना हाक मारू शकलो असतो. बांध लांब होता, ते हळू चालत होते. कितीतरी वेळ ते दिसत होते.

मी दोन दिवस काम केलं. इतकं सुरेख काम मी पुन्हा कधी केलं नाही. आबा चहा आणून देत, पाटी उचलून देत, पण बोलले जेमतेम. पंचवीसच्या दुपारी खड्डे बुजवून झाले. निघताना मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी त्यांचं ते विणून झालेलं जाळं दाखवलं. मणी अजून बांधायचे होते. "आता शिसा बांदतत सगळे," ते म्हणाले. "बगूया." दोन वर्षांनी मी गेलो तेव्हा ते नव्हते. जाळ्याचं काय झालं, शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

मणी आता एका सरकारी वस्तुसंग्रहालयात आहेत. काचेच्या पेटीत अठ्ठेचाळीस मणी गोल मांडले आहेत आणि खाली लिहिलं आहे, फेकजाळ्याची वजनं, मातीची, मध्ययुगीन. सरांनी मोठ्या मनानं चूक मान्य केली आणि तो निबंध माझ्या नावानं छापून आला. त्यावर मला पुढे नोकरी मिळाली, बढत्या मिळाल्या. निबंधात लिहिलं आहे, की अठ्ठेचाळिसावा मणी धान्याच्या रांजणात 'अन्य कारणाने' गेला असावा. कारण लिहिता येण्यासारखं नव्हतं. ते सांगणाऱ्याचं नाव तळटीपेत आहे. मी निवृत्त होऊन आता सात वर्षं झाली, आणि कधीतरी दुपारचा त्या पेटीपुढे जाऊन उभा राहतो. पहारेकरी ओळखतो. मी बोटानं मोजतो, तो हसतो.

पण त्या सव्वीस तारखेचं सांगायचं राहिलं.

सकाळी आठला मी घरी पोचलो. दाराला कुलूप होतं. किल्ली शेजारच्या लिमयेकाकूंकडे होती. त्यांनी ती दारातूनच माझ्या हातात ठेवली.

"काल दुपारच्या गाडीनं गेली," त्या म्हणाल्या. "भाऊ आला होता न्यायला."

"माझी तार मिळाली नाही का तिला?"

"मिळाली की. परवा सकाळीच आली. मी इथेच होते. वाचली, दोनदा वाचली आणि मग ट्रंक काढली." काकू दार लोटता लोटता म्हणाल्या, "तोवर ठरत नव्हतं हो तिचं."

घर आवरलेलं होतं. भांडी पालथी घातलेली, पाण्याचा माठ रिकामा करून उलटा ठेवलेला. चिठ्ठी नव्हती. मी शोधलीही नाही. ती परत आली नाही. मी नागपूरला दोनदा गेलो, तिच्या भावाच्या घरी समोरासमोर बसलो, ती नीट बोलली, चहा केला, माझ्या कामाचं विचारलं. दीड वर्षानं कागदांवर सह्या झाल्या.

त्या सकाळी मी पिशवी खाली ठेवली आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो. फडताळाच्या खालच्या खणात पितळी डबा होता. मी जमिनीवर बसलो, झाकण काढलं आणि तांदळात हात घातला. मनगट गेलं, मग कोपरापर्यंत हात गेला. तळाशी लाकडी मूठ लागली. बाहेर काढली. डावी कड माझ्या हातानं झिजलेली होती, अंगठा आपोआप जागेवर बसला. पात्यावर गंजाचा ठिपका नव्हता.

मला ते बघून कळायला एक क्षण लागला. जानेवारीपासून तो डबा निदान दोन-तीनदा रिकामा झाला असणार. दर वेळी तिनं ती थापी बाहेर काढली असणार, पुसली असणार, आणि खिळ्याला न टांगता पुन्हा तळाशी ठेवून वर नवे तांदूळ ओतले असणार. परवापर्यंत.

मग भूक लागली. मी एक वाटी तांदूळ काढून घेतले, धुतले आणि पातेल्यात घातले. पाणी किती घालायचं ते मला माहीत नव्हतं.